वर्णमालेचा पुठ्ठा

१९८५ साली स्टीफन हॉकिंग स्वित्झर्लंडमध्ये असताना त्यांना न्यूमोनिया झाला. जीव वाचवण्यासाठी डॉक्टरांना त्यांच्या गळ्याला छेद देऊन श्वासनलिकेत नळी बसवावी लागली आणि आधीच अडखळणारं त्यांचं बोलणं कायमचं थांबलं. तेव्हा ते ४३ वर्षांचे होते. मोटर न्यूरॉन आजाराचं निदान २१ व्या वर्षीच झालेलं होतं. त्यानंतर काही काळ त्यांचा संवाद एका कार्डावर चालला. समोरचा माणूस कार्डावरच्या एकेका अक्षरावर बोट ठेवत जाई आणि हवं ते अक्षर आलं की हॉकिंग भुवई उचलत. असं एकेक अक्षर जोडून शब्द होई.

पुढे कॅलिफोर्नियातल्या वॉल्ट वोल्टोश या अभियंत्याने त्यांना संगणकातून बोलता येईल असा 'इक्वलायझर' नावाचा प्रोग्रॅम पाठवला. याच आजाराने वाचा गेलेल्या आपल्या सासूबाईंसाठी त्याने तो तयार केला होता. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी हॉकिंग मुंबईत आले, तेव्हा त्यांचा तो यांत्रिक आवाज मुंबईकरांनी प्रत्यक्ष ऐकला. जगाच्या लक्षात तो संगणक राहिला. कार्ड विसरलं गेलं. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या घरात मात्र आज संध्याकाळी तयार होऊ शकतं ते कार्डच, म्हणून या प्रकरणात त्याला मोठी जागा दिली आहे.

जीभ जड होते तेव्हा

किन्हवलीच्या पुढच्या एखाद्या गावातलं घर डोळ्यांसमोर आणा. साठीकडे झुकलेले तात्या. भाताची शेती, दारात दोन बैल. पावसाळ्याआधी कधीतरी त्यांचे शब्द जड यायला लागतात. 'र' आणि 'ळ' नीट उमटत नाहीत. चहा पिताना ठसका लागतो. कधी दारूला न शिवलेल्या माणसाकडे गाव संशयाने बघू लागतं. मग गावचा डॉक्टर, दात पाहणारा डॉक्टर, कान-नाक-घशाचा डॉक्टर, एखादा भगत, असं करत महिने जातात. मज्जासंस्थेच्या तज्ज्ञापर्यंत पोचेस्तोवर बोलणं निम्मं गेलेलं असतं.

बोलायला ओठ, जीभ, टाळू, स्वरयंत्र आणि छातीचे स्नायू एका तालात हलावे लागतात. मोटर न्यूरॉन आजारात या स्नायूंना आज्ञा देणाऱ्या पेशीच मरत जातात. काहींचे हात-पाय आधी लुळे पडतात, तर साधारण चौघांपैकी एकाला सुरुवातच जिभेपासून होते. पार्किन्सन्समध्ये वेगळं घडतं. आवाज बारीक, एकसुरी होतो, शब्द घाईने एकमेकांत घुसतात आणि माणसाला स्वतःला आपण पुरेशा मोठ्याने बोलतोय असंच वाटत राहतं. लहान मेंदू झिजवणाऱ्या आजारांत, ज्यांतले काही आनुवंशिक असतात, बोलणं तुटक आणि हेलकावत येतं. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये त्यासोबत नजरही कमजोर होऊ शकते.

आजाराचं नेमकं नाव कळणं संवादासाठीही आवश्यक आहे. पार्किन्सन्सच्या रुग्णाला मोठ्याने बोलण्याच्या व्यायामाने बराच फायदा होतो. 'एलएसव्हीटी लाऊड' ही त्यासाठीची प्रसिद्ध पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकात तयार झाली. शिक्षक कमरेला लावतात तसा छोटा माइक-स्पीकरही त्याला उपयोगी पडतो. मोटर न्यूरॉन आजारात मात्र थकलेल्या स्नायूंना जोराचा व्यायाम दिला तर ते आणखी थकतात. शेजारच्या रुग्णाला जे लागू पडलं ते आपल्याला लागू पडेलच असं नाही.

महिन्यातून एकदा प्रतिज्ञा

मोटर न्यूरॉन आजारात बोलण्याचा वेग आधी घटतो आणि स्पष्टपणा नंतर जातो. घरच्यांना शब्द कळत असतात, त्यामुळे अजून वेळ आहे असं वाटत राहतं. वेग एका पातळीखाली गेला की स्पष्टपणा भराभर ढासळू शकतो. म्हणून वाचा-उपचार करणारे तज्ज्ञ वेगावर नजर ठेवतात आणि वेग कमी होताना दिसला की पर्यायी साधनांची तयारी सुरू करा, असं सांगतात.

हे घरीही मोजता येतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला रुग्णाने एकच ठरावीक मजकूर नेहमीच्या चालीने म्हणायचा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करायचा. शाळेतली प्रतिज्ञा यासाठी उत्तम. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानांवर ती सर्वांनी वाचलेली असते आणि बहुतेकांना अजून पाठ असते. किती सेकंद लागले ते कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात लिहायचं. तीन-चार महिन्यांत आकडे वाढत चाललेले दिसले, तर साधन शोधायची वेळ झाली आहे. हेच ध्वनिमुद्रण तज्ज्ञांना ऐकवलं, तर तासाभराच्या तपासणीत न दिसणारी चढउतार त्यांना कळते.

साधनाचा शोध वाचा असतानाच सुरू व्हावा, याचं साधं कारण आहे. नवी पद्धत शिकताना चुकतं, वाद होतात, हसू येतं, कंटाळा येतो. आवाज शाबूत असतो तोवर माणूस 'असं नको, तसं कर' हे तोंडाने सांगू शकतो. नंतर ते सांगायलाही तेच न शिकलेलं साधन वापरावं लागतं.

आवाज राखून ठेवणं

हॉकिंग यांच्या यंत्रातला आवाज हॉकिंग यांचा नव्हता. डेनिस क्लॅट या संशोधकाने तो स्वतःच्या आवाजावरून घडवला होता. आता माणसाच्या स्वतःच्या आवाजाची नमुना-वाक्यं घेऊन त्यावरून कृत्रिम आवाज तयार करता येतो. अॅपलने २०२३ मध्ये आयफोनमध्येच तशी सोय दिली, तीही आधी इंग्रजीत.

मराठी घरासाठी अधिक हाताशी असलेला मार्ग अमेरिकेतल्या बोस्टनमधल्या मुलांच्या रुग्णालयात जॉन कॉस्टेलो या तज्ज्ञांनी रुजवला. माणसाने आपली नेहमीची वाक्यं आपल्याच आवाजात, आपल्याच ढंगात ध्वनिमुद्रित करून ठेवायची. यासाठी साधा मोबाइल पुरतो. सकाळी आवाज ताजा असतो तेव्हा दहा-पंधरा मिनिटं, रोज थोडं थोडं.

काय साठवायचं, यावर घरच्यांनी मिळून विचार करावा. 'पाणी द्या', 'कूस बदला' ही वाक्यं यंत्राच्या आवाजातही चालतील. यंत्राला न जमणारं आधी साठवा. नातीला मारायची लाडाची हाक. बैलांना हाकताना तोंडातून निघणारी हाळी. मुलावर रागावण्याची खास रीत. बायकोला इतकी वर्षं ज्या शब्दाने हाक मारली तो शब्द. आवणीच्या दिवसांत गडीमाणसांना दिलेल्या सूचना. भजनातला आपला सूर. म्हशाच्या यात्रेतली दरवेळी सांगायची गोष्ट. आजारी माणसाच्या बोलण्यातून घरच्यांना पुढे सर्वांत जास्त आठवतं ते हेच. प्रत्येक वाक्य वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, नाव द्या आणि एक प्रत दुसऱ्या मोबाइलमध्ये उतरवा. मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो. एकच प्रत ठेवली तर आवाज दुसऱ्यांदा जातो.

आधी हो आणि नाही

कुठलंही साधन आणण्यापूर्वी घरात 'हो' आणि 'नाही' पक्कं ठरलं पाहिजे. मान हलत असेल तर मान, नाहीतर अंगठा, भुवई, डोळे. 'हो'साठी वर बघणं आणि 'नाही'साठी डोळे मिटणं, अशी जोडी ठरवली तर ती घरातल्या सर्वांना आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माहीत हवी. खाटेच्या वर भिंतीवर ठळक अक्षरांत लिहून लावा. आशाताई आल्या, परिचारिका आल्या, तर त्यांनाही ते वाचता येईल.

विचारण्याची रीतही बदलावी लागते. 'चहा घेणार की दूध?' या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येत नाही. 'चहा?' विचारून थांबायचं, मग 'दूध?' विचारून थांबायचं. शेवटी नेहमी एक पर्याय ठेवायचा: 'यातलं काहीच नाही?' हा पर्याय विसरला की माणूस आपल्या प्रश्नांच्या कुंपणात अडकतो.

यासोबत बोलावण्याची खूण हवी. बोट हलत असेल तर हाताखाली बिनतारी डोअरबेलचं बटण चिकटवा, आणि वीज नसेल तेव्हासाठी सायकलची घंटी खाटेच्या लोखंडाला बसवा. रात्री हाक मारता येत नाही, ही भीती रुग्णाला किती जाळते हे घरच्यांच्या लवकर लक्षात येत नाही. घंटी बसवलेल्या रात्री दोघांनाही झोप लागते.

अक्षरांच्या आठ ओळी

आता हॉकिंग यांच्या कार्डाकडे परत येऊ. रोमन लिपीत २६ अक्षरं. त्यांचा क्रम कुठल्याही तर्कावर बेतलेला नाही, त्यामुळे युरोपात अशी कार्डं वापरणाऱ्यांनी अक्षरांचा क्रमच बदलला. फ्रेंच पत्रकार जाँ-दोमिनिक बोबी १९९५ मध्ये पक्षाघाताने पूर्ण लुळे पडले, फक्त डाव्या डोळ्याची पापणी हलत होती. त्यांना फ्रेंचमध्ये जास्त लागणारी अक्षरं आधी, अशा क्रमाने अक्षरं म्हणून दाखवली जात, आणि पापणी मिटून ते निवडत. अशा रीतीने त्यांनी एक पुस्तक सांगितलं. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यानंतर काही दिवसांतच ते गेले.

आपल्याला क्रम नव्याने शोधायची गरज नाही. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग ही मांडणी उच्चाराच्या जागेवरून केलेली आहे, आणि शाळेत गेलेल्या प्रत्येकाच्या डोक्यात ती लहानपणापासून आहे. जाड पुठ्ठा घ्या आणि मार्करने आठ ओळी लिहा:

१. अ आ इ उ ए ओ
२. क ख ग घ
३. च छ ज झ
४. ट ठ ड ढ ण
५. त थ द ध न
६. प फ ब भ म
७. य र ल व ळ
८. श स ह

समोरचा माणूस आधी ओळीचा आकडा म्हणतो: 'एक? दोन? तीन?' रुग्ण 'हो'ची खूण करतो. मग त्याच ओळीतली अक्षरं: 'प? फ? ब?' पुन्हा खूण. ही ३७ अक्षरं सरळ एकामागून एक म्हटली आणि सगळी सारखीच लागतात असं धरलं, तर एका अक्षरासाठी सरासरी १९ वेळा विचारावं लागतं. ओळ आणि मग अक्षर, असं केलं की तो आकडा सातच्या आसपास येतो. आठवड्याभरात कोणत्या ओळी जास्त लागतात ते कळतं, त्या वर घ्याव्यात.

काना-मात्रांसाठी पुठ्ठ्याच्या कडेला पाचच खुणा: काना, वेलांटी, उकार, मात्रा, काना-मात्रा. ऱ्हस्व-दीर्घ सोडून द्या, अनुस्वार सोडा, जोडाक्षरं फोडा. 'रस्ता'चं 'रसता' झालं तरी घरच्यांना कळतं. मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नसे, तरी पेशवाईचा सगळा कारभार तिच्यात चालला. थकलेला माणूस फक्त 'पठ दखत' एवढं सांगू शकला, तरी त्याची पाठ दुखते आहे हे सूनबाईंना समजेल.

बोट ठेवण्याची किंवा वाचून दाखवण्याची गरज नको असेल, तर हीच वर्णमाला पारदर्शक पत्र्यावर उतरवता येते. फोटोफ्रेमचा अॅक्रिलिक पत्रा मधोमध कापून मोठी खिडकी करा आणि भोवती चार कोपरे व चार कडा अशा आठ जागी आठ ओळी लिहा. प्रत्येक जागेला ओळीचाच क्रमांक द्या. मदतनीस पत्रा दोघांच्या मध्ये धरतो आणि खिडकीतून रुग्णाचे डोळे बघतो. पहिली नजर कुठली ओळ ते सांगते. दुसरी नजर ओळीतलं कितवं अक्षर ते सांगते: सहाव्या जागेकडे आणि मग पहिल्या जागेकडे बघितलं, तर 'प'. मोटर न्यूरॉन आजारात डोळ्यांचे स्नायू बहुधा शेवटपर्यंत साथ देतात, म्हणून ही रीत टिकाऊ आहे. प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी या पार्किन्सन्ससारख्या दिसणाऱ्या आजारात मात्र डोळे वर-खाली हलेनासे होतात. तिथे पत्रा उपयोगाचा नाही, विचारून घेणंच बरं.

शाळेत न गेलेल्या आजीसाठी वर्णमाला चालणार नाही. तिच्यासाठी चित्रांचा पुठ्ठा करा आणि चित्रं बाजारातली नकोत. तिचीच चूल, तिचंच अंथरूण, तिच्या मुलांचे चेहरे, तिचं शेत, मोबाइलवर काढून मोठे छापलेले फोटो. त्या फोटोंना हाक मारायचे शब्दही तिच्याच बोलीतले हवेत. या दोन तालुक्यांत ठाकर, कातकरी, कुणबी, आगरी घरांतली बोली वेगवेगळी आहे. आयुष्यभर कातकरी बोललेल्या माणसासमोर पुस्तकी मराठीतले शब्द मांडले, तर त्याची बोली त्याच्यापासून आणखी दूर जाते.

मोबाइल आणि यंत्रं

बोटं चालत असतील तर साधा अँड्रॉइड मोबाइल बराच काळ साथ देतो. गुगलचा मराठी आवाज त्यात उतरवून घेता येतो. तो एकदा उतरवला की खर्डीच्या पलीकडे नेटवर्क गेलं तरी टाइप केलेलं वाक्य मोबाइल बोलतो. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक आरेखन विभागात तयार झालेलं 'जेलो' हे अॅप चित्रांवर बोट ठेवून बोलण्यासाठी आहे. ते मोफत आहे, मराठीतही चालतं. मुळात ते बोलता न येणाऱ्या मुलांसाठी केलेलं असल्याने मोठ्या माणसाला त्यातले सगळे शब्द पटणार नाहीत. चेन्नईत अजित नारायणन यांनी तयार केलेलं 'आवाझ'ही त्याच घराण्यातलं.

गुगलने २०२० मध्ये 'लुक टू स्पीक' हे मोफत अॅप आणलं. मोबाइलचा समोरचा कॅमेरा डोळे डावीकडे वळले की उजवीकडे हे ओळखतो आणि त्यावरून वाक्य निवडतो. हॉकिंग यांच्यासाठी इंटेलने घडवलेली प्रणाली २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली, तिला विंडोज संगणक लागतो. नजरेने चालणारी खास यंत्रं अचूक असतात, पण त्यांची किंमत लाखांत जाते. विकत घेण्याआधी आठवडाभर वापरून बघायला मिळेल का, हे नक्की विचारा.

मेंदूत बसवलेल्या तंतूंच्या मदतीने बोलणं परत मिळवण्याचे प्रयोग २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत झाले आणि त्यांचे निकाल थक्क करणारे आहेत. आज गावात राहणाऱ्या रुग्णासाठी मात्र तो मार्ग खुला नाही.

यंत्र कितीही चांगलं असलं तरी पुठ्ठा भिंतीवरच राहू द्या. वीज जाते, चार्जर बिघडतो, अंघोळीच्या वेळी मोबाइल हातात नसतो.

कुठे जायचं

संवाद-साधनांचं काम जाणणारी व्यक्ती म्हणजे वाचा-उपचारतज्ज्ञ, लोकांच्या भाषेत स्पीच थेरपिस्ट. गिळताना ठसका लागतो का, हेही त्याच तज्ज्ञ तपासतात, त्यामुळे ही भेट जीवाच्या सुरक्षिततेसाठीही मोलाची आहे. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. केंद्र सरकारने ती १९८३ मध्ये वाचा आणि श्रवण दोषांसाठीच स्थापन केली. नायर रुग्णालयातही वाचा-उपचाराचं शिक्षण देणारा विभाग आहे. आसनगाव, आटगाव किंवा खर्डीहून कसारा लोकलने दादर आणि तिथून पश्चिम रेल्वेने पुढे जाता येतं. मुरबाडकरांना आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. हा प्रवास रुग्णाला फार वेळा झेपणार नाही, म्हणून पहिल्याच भेटीला ध्वनिमुद्रणं, कॅलेंडर आणि घरी केलेला पुठ्ठा सोबत न्या. पुढच्या भेटी व्हिडिओ कॉलवर होतील का, हे तिथेच ठरवून घ्या.

मोटर न्यूरॉन आजाराच्या कुटुंबांसाठी मुंबईत आशा एक होप फाउंडेशन काम करतं. पार्किन्सन्ससाठी मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश करतो. रुग्णालयात किंवा बँकेत पुठ्ठ्यावरून बोलू देण्याचा आग्रह धरताना या कायद्याचं नाव घ्या. या कायद्यातल्या २१ प्रकारांत पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस नावाने आहेत. मोटर न्यूरॉन आजाराचं नाव तिथे वेगळं नाही, पण हातापायांची हालचाल आणि वाचा यांवर झालेल्या परिणामांवरून प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो.

याच काळात अवघड बोलणीही करून घ्यावी लागतात. पोटातून अन्नाची नळी घालायची का, श्वास कमी पडला तर यंत्र लावायचं का, जमिनीचं काय. उपचारांबाबतची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केला आणि २०२३ मध्ये त्याची रीत सोपी केली. हे निर्णय रुग्णाच्या तोंडून आले, तर पुढे कुणा एका मुलावर त्यांचं ओझं पडत नाही.

'पा' आणि पुढे

पुठ्ठा तयार झाला, खुणा ठरल्या. आता सर्वांत अवघड काम घरच्यांच्या वाट्याला येतं. तात्या सहावी ओळ निवडतात, मग पहिलं अक्षर, मग काना. 'पा'. मुलगा लगेच उठतो, 'पाणी!' म्हणत तांब्या आणतो. तात्या डोळे मिटतात. नाही. 'पाय? पाय चेपू?' नाही. 'पाठ?' नाही. मुलगा वैतागतो, तात्या दमतात आणि पुठ्ठा बाजूला पडतो. अशी कितीतरी साधनं माळ्यावर जातात, ती बहुतेक या एका क्षणामुळे.

अंदाज बांधावा, पण तो विचारून. एक अंदाज चुकला की गप्प बसून पुढचं अक्षर घ्यावं. बोलण्याने माणूस चार कामं करतो, असं जॅनिस लाइट या संशोधिकेने १९८८ मध्ये मांडलं होतं: गरजा सांगतो, माहिती देतो, जवळीक राखतो आणि रीतभात पाळतो. घरातला पुठ्ठा बहुधा पहिल्याच कामाला जुंपला जातो, आणि आजारी माणूस हळूहळू फक्त गरजांचा होऊन बसतो.

मुलगा तांब्या खाली ठेवतो आणि पुन्हा बसतो. पुढचं अक्षर आठव्या ओळीतलं तिसरं, मग उकार: 'पाहु'. मग चौथ्या ओळीतलं पाचवं, आणि मात्रा. 'पाहुणे?' तात्या वर बघतात. हो. लेकीच्या सासरची माणसं आज यायची होती आणि घरात कुणाच्या ते लक्षातच राहिलं नव्हतं. तीन अक्षरांना पाच मिनिटं लागली, आणि त्या पाच मिनिटांनंतर तात्या पुन्हा या घराचे कर्ते झाले.